सुट्ट्या पैशांच्या बदल्यात चिंगम नको

गेल्या महिन्यातली गोष्ट. संध्याकाळची वेळ, आमच्या नाशिकच्या कृषीनगर जॉगिंग ट्रॅकवर नेहमीसारखी गर्दी. माझी चार वर्षांची लेक आजोबांचा हात सोडून पुढे पळत होती, मी थोडी मागे होते. पळता पळता ती एकदम थांबली. खोकली नाही, रडली नाही. वळून माझ्याकडे बघत उभी राहिली, तोंड उघडं, दोन्ही हात गळ्याशी. आवाजच फुटत नव्हता. काय होतंय ते कळायला मला दोन-तीन सेकंद लागले असतील. ते सेकंद अजून डोक्यातून गेलेले नाहीत.

बाबा, म्हणजे माझे सासरे, घाबरून तिच्या तोंडात बोट घालायला गेले. तेवढ्यात मागून चालत येणाऱ्या एका ताईंनी त्यांचा हात बाजूला केला, लेकीला पुढे वाकवलं आणि पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, तळहाताने जोरात फटके मारले. चौथ्या फटक्याला गुलाबी गोळा बाहेर पडला. मग ती रडली. तिचं रडणं ऐकून इतका जीव भांड्यात पडला होता तो ती जन्मली त्या दिवशीच. त्या ताई नर्स आहेत एवढंच कळलं, नाव विचारायचं भान राहिलं नाही. ताई, तुमच्यापर्यंत ही पोस्ट पोचली तर मला मेसेज करा. मला तुम्हाला भेटायचंय.

चिंगम आलं कुठून? बाबांनी येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून दुधाची पिशवी घेतली होती. दोन रुपये परत यायचे होते, सुट्टे नव्हते, म्हणून दुकानदारकाकांनी दोन चिंगम हातावर ठेवली. एक नातवासाठी खिशात गेलं, एक नातीला मिळालं. बाबांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण ‘हिला चिंगम द्यायचं नाही’ असं घरात मी कधी स्पष्ट सांगितलंच नव्हतं. मलाच त्याची गरज वाटली नव्हती.

आता वाटते, म्हणून लिहिते आहे. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला चिंगम किंवा बबलगम देऊ नका. अर्धं तोडूनही नको, ‘आमच्याकडचा थुंकतो बरोबर’ म्हणूनही नको. आणि दुसऱ्याच्या मुलाला तर त्याच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय कधीच नको.

आमच्या घरी चिंगमची भीती होती, पण भलतीच. आई (सासूबाई) नेहमी म्हणायच्या, ‘गिळू नको गं, आतडी चिकटतात.’ माझ्या माहेरीही हेच. कोणी म्हणे सात वर्षं पोटात राहतं. हे खरं नाही. चिंगममधली साखर, रंग, वास विरघळून जातो, रबरासारखा भाग पचत नाही, पण तो पुढे सरकत दोन-तीन दिवसांत शौचावाटे पडून जातो. चुकून एखादं गिळलं तर दवाखान्यात पळायची गरज नसते. रोज गिळण्याची सवय असली तर गोष्ट वेगळी. १९९८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा काही मुलांची नोंद केली होती. त्यातला एक साडेचार वर्षांचा मुलगा दोन वर्षं बद्धकोष्ठाने हैराण होता, दिवसाला पाच-सात चिंगम मिळायची आणि तो सगळी गिळायचा. शेवटी डॉक्टरांना तो गोळा काढावा लागला. पण असं क्वचित घडतं.

आम्ही भीती घातली पोटाची आणि धोका होता घशात. पोटाच्या भीतीचा उलटाच परिणाम होतो असं मला वाटतं. मूल गिळल्यावर सांगत नाही, लपवतं. आणि मोठ्यांनाही वाटत राहतं की एकदा ‘थुंक हं’ म्हटलं की आपली जबाबदारी संपली.

घशाचं गणित आमच्या बालरोगतज्ज्ञांनी समजावलं ते सांगते. लहान मुलाची श्वासनलिका साधारण त्याच्याच करंगळीएवढी असते. आत्ता पोरगं शेजारी असेल तर त्याची करंगळी बघा. साखरेची गोळी अडकली तर ती निदान थोडीथोडी विरघळते. चिंगम विरघळत नाही, ओल्या जागी चिकटतं आणि जशी नळी असेल तसा आकार घेऊन बसतं. शिवाय एखादी वस्तू न गिळता दहा मिनिटं तोंडात फिरवत ठेवायची, मधे बोलायचं, हसायचं, श्वास घ्यायचा, हे चार वर्षांच्या मुलाला जमत नाही. ते पळतं, दचकतं, खिदळतं आणि जोरात श्वास आत ओढतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना चार वर्षांखालच्या मुलांसाठी घशात अडकणाऱ्या धोकादायक पदार्थांच्या यादीत चिंगम धरते. मी एक वर्ष वाढवून पाच म्हणते, कारण माझी मुलगी चार पूर्ण झालेली होती.

त्याच यादीत शेंगदाणे आहेत, कडक गोळ्या आहेत आणि द्राक्षंही आहेत. हे आपण नाशिककरांनी नीट ऐकायला हवं. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे घरोघरी द्राक्षांच्या पेट्या येतात आणि दीड वर्षाच्या बाळाच्या हातातही आपण अख्खा मणी देतो. मीही दिलेत. गोल, गुळगुळीत, बरोब्बर नळीत बसणारा. द्राक्ष लहान मुलाला उभं चिरून, चार फोडी करूनच द्यावं. गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारातून पुढच्या हंगामात द्राक्षं आणाल तेव्हा एवढं लक्षात ठेवा.

आणि अडकलंच तर? हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं, आता पाठ आहे. मूल जोरात खोकत असेल, आवाज येत असेल, तर त्याला खोकू द्या, मधे पडू नका. आवाज बंद झाला, श्वास घेता येत नसेल, ओठ काळेनिळे पडायला लागले तर थांबू नका. पुढे वाकवून पाठीवर, खांद्यांच्या मधोमध, पाच जोरदार फटके. नाही निघालं तर मागून मिठी मारल्यासारखं धरून, बेंबीच्या जरा वर मूठ ठेवून, आत आणि वरच्या दिशेने पाच झटके. पुन्हा पाठ, पुन्हा पोट. एक वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट दाबायचं नाही, त्याला हातावर डोकं खाली करून पालथं घेऊन पाठीवर फटके आणि मग उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने दाब. मूल बेशुद्ध पडलं तर खाली आडवं झोपवून छाती दाबायला सुरुवात करायची. दुसऱ्या कोणीतरी तोपर्यंत १०८ लावायचा. आणि दिसत नसलेल्या वस्तूसाठी तोंडात बोट घालायचं नाही, ती आणखी आत जाते. बाबा नेमकं तेच करायला निघाले होते, त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. वाचून हे येत नाही, कोणाकडून तरी हाताने शिकून घ्या.

माझा मोठा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याने विचारलं, ‘मग माझंही बंद का?’ त्याच्यावर अन्याय करायचा नव्हता म्हणून मी दातांच्या डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, नेहमीच्या बबलगममध्ये निम्म्याहून जास्त साखर असते, ती दातांना लागून राहते, ते नकोच. पण बिनसाखरेचं, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं, जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं चघळलं तर उलट फायदा होतो. लाळ सुटते, तोंडातलं आम्ल कमी होतं, आणि दात किडवणाऱ्या जंतूंना झायलिटॉल खाऊन जगता येत नाही. फिनलंडमध्ये तुर्कू शहरात १९७०च्या दशकात यावर मोठं काम झालं. पण अति झालं तर पोट बिघडतं, आणि ब्रश करण्याला तो पर्याय नाही. म्हणून त्याला परवानगी आहे: घरी, बसून, जेवणानंतर एक, आणि कागदात गुंडाळून कचऱ्यात. सायकलवर नाही, मैदानात नाही, झोपताना नाही. बहिणीसमोर नाही, हे त्याने स्वतःहून ठरवलं.

बाबा या सगळ्यात फार गप्प झाले होते. पाच-सहा दिवसांनी एका रात्री जेवताना आपणहून बोलायला लागले. निफाडकडे त्यांच्या लहानपणी चिंगम कुठलं, खळ्यावरचे गव्हाचे दाणे मूठभर तोंडात टाकायचे आणि चावत राहायचं. पिठूळ पाणी गिळून टाकलं की मागे चिवट गोळा उरायचा, तेच त्यांचं चिंगम. ‘पण आम्ही तेव्हा आठ-दहा वर्षांचे होतो,’ ते म्हणाले, ‘एवढ्याशा पोरांना आमची आई खळ्यावरचा दाणासुद्धा तोंडात घालू द्यायची नाही.’ मग त्यांनीच नातीला सांगितलं की तुझी पहिली पक्की दाढ आली की पहिलं चिंगम मी आणून देणार. पक्की दाढ सहाव्या वर्षाच्या सुमाराला येते. मला हा हिशोब फार आवडला. ‘तू लहान आहेस’ म्हटलं की ती चिडते, दाढेची मात्र ती वाट बघते आहे.

(बाबांकडेच एक चिकूचं झाड आहे. कच्चा चिकू तोडला की देठातून जो पांढरा चीक गळतो, त्याच चिकापासून पूर्वी चिंगम बनत होती, मेक्सिकोकडच्या जंगलातल्या चिकूच्या झाडांपासून. आताचं चिंगम बहुतेक कृत्रिम रबराचं असतं, खाण्यायोग्य प्रतीचं. पाकिटावर फक्त ‘गम बेस’ एवढंच लिहिलेलं असतं. ते विष आहे असं म्हणून कोणाला घाबरवायचं नाही, पण आपण पोरांच्या तोंडात काय घालतो ते माहीत असलेलं बरं.)

आता आयांना एक विनंती. बालवाडीत वाढदिवसाला ज्या पिशव्या वाटतो त्यात चिंगम, गोल कडक गोळ्या घालू नका. त्या पिशव्या मुलं रिक्षात उघडतात, स्पीडब्रेकरवर उडत्या रिक्षात, आणि तिथे बघायला आपण नसतो. राजगिऱ्याचा मऊ लाडू द्या, खडूंची डबी द्या, काहीच नाही दिलं तरी चालेल. मी आमच्या वर्गाच्या ग्रुपवर हे लिहिलं तेव्हा एकीने ‘एवढं काय त्यात’ असं उत्तर दिलं. मला राग नाही आला, महिनाभरापूर्वी मीही तेच म्हटलं असतं. मी तिला फोन करून ट्रॅकवरचं सगळं सांगितलं. तिच्या मुलाचा वाढदिवस पुढच्या आठवड्यात आहे, पिशव्या भरून झाल्या होत्या, तिने परत उघडल्या.

दुकानदारकाकांशी बोलायला मला जास्त दिवस लागले. ते चांगले आहेत, माझ्या लेकीला तान्ही असल्यापासून ओळखतात. सांगितल्यावर त्यांचा चेहराच उतरला. ‘वहिनी, सुट्टे मिळतच नाहीत हो, बँकेतही देत नाहीत,’ म्हणाले. ते खरंच आहे. त्या रात्री आम्ही मुलांचा गल्ला फोडला, देवघरातली वाटी, माझ्या पर्सचे कप्पे, गाडीतला डबा सगळं पालथं घातलं. एक-दोन रुपयांची नाणी मोजली, दोनशे चौदा रुपये निघाले. सकाळी बाबा आणि लेक दोघं मिळून ती पिशवी काकांना देऊन आले. काकांनी दोनशे चौदा रुपयांच्या नोटा आणि नाणी मोजून दिली, आणि चिंगमची बरणी गल्ल्याजवळून उचलून मागच्या वरच्या फळीवर ठेवली.