‘ओड टू बिली जो’ : पुलाकडे नको, जेवणाच्या टेबलाकडे बघा

अमेरिकन गायिका-गीतकार बॉबी जेन्ट्रीच्या ‘ओड टू बिली जो’ या गाण्याचा विषय निघाला की गप्पा दोनच प्रश्नांवर येतात. बिली जो मॅकॲलिस्टरने टॅलहॅची पुलावरून उडी का मारली? आणि गाण्यात गोष्ट सांगणाऱ्या मुलीने त्याच्यासोबत पुलावरून खाली काय टाकलं? कुणी अंगठी म्हणतं, कुणी फुलं, कुणी तान्हं मूल. १९६७ पासून हे चालू आहे आणि या चर्चेत गाण्याची खरी कारागिरी बाजूलाच राहते. हे गाणं टिकलं ते रहस्यामुळे, असं मला वाटत नाही. ते टिकलं ते एका कुटुंबाच्या दुपारच्या जेवणामुळे. त्या जेवणाला धक्का लागू नये म्हणून शब्दांत, सुरावटीत आणि रेकॉर्डिंगमध्ये जे जे गाळलं गेलं त्यामुळे. त्यावरच लिहितोय, जरा सविस्तर.

ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी आधी गोष्ट. तीन जून, अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातला डेल्टा भाग, धुळीचा आणि उकाड्याचा दिवस. मुलगी कपाशीत खुरपत होती, भाऊ गवताचे भारे बांधत होता. दुपारी दोघं जेवायला घरी येतात. पाय पुसून आत या, असं आई ओरडून सांगते आणि लगेच बातमी देते : बिली जोने पुलावरून उडी मारली. बाप चवळीचं भांडं पुढे सरकवत म्हणतो, त्या पोराला कधी अक्कल नव्हतीच, जरा ती बिस्किटं दे (तिकडची बिस्किटं म्हणजे मऊ, गरम पावासारखी), खालच्या वावरात अजून पाच एकर नांगरायचे आहेत. भावाला आठवतं की सिनेमाच्या वेळी त्याने आणि बिली जोने मिळून हिच्या पाठीत बेडूक सोडला होता. आठवण सांगता सांगता तो ॲपल पायचा आणखी एक तुकडा मागतो. आई मुलीला विचारते, तुझी भूक कुठे गेली गं, सकाळपासून रांधतेय आणि तू घासही घेतला नाहीस. मग सहज आठवल्यासारखं सांगते की तो तरुण पाद्री येऊन गेला, रविवारी जेवायला येतो म्हणाला, आणि हो, पुलावरून बिली जोसोबत काहीतरी फेकताना त्याला एक मुलगी दिसली म्हणे, बरीचशी तुझ्यासारखी.

पाचवं आणि शेवटचं कडवं वर्षभरानंतरचं. भावाने लग्न करून टुपेलोत दुकान घेतलंय, बाप साथीच्या आजारात गेलाय, आईला कशातच रस उरलेला नाही आणि मुलगी डोंगरावरून फुलं तोडून आणून पुलावरून पाण्यात टाकते.

आता बांधणी बघा. गोष्ट सांगणारी मुलगी टेबलावर एक शब्दही बोलत नाही. आई बोलते, बाप बोलतो, भाऊ बोलतो. तिच्या मनात काय चाललंय हे आपल्याला कळतं ते आईच्या तक्रारीतून, तेही अन्नाबद्दलच्या तक्रारीतून. गाण्यात ‘दुःख’, ‘प्रेम’, ‘अश्रू’ अशा अर्थाचा एकही शब्द तिच्या तोंडी नाही. गंभीर गाणं लिहिणाऱ्याने हे कागदावर उतरवून अभ्यासावं : भावनेचं नाव घ्यायचं नाही, ती दुसऱ्याच्या नजरेतून आणि एखाद्या क्षुल्लक वस्तूतून दाखवायची.

दुसरी गोष्ट ध्रुवपदाची. या गाण्याला ध्रुवपद नाही. त्या काळच्या पॉप गाण्याच्या हिशेबात हा मोठाच धोका होता. त्याऐवजी पाचही कडवी ‘टॅलहॅची ब्रिज’ या एकाच नावावर येऊन थांबतात आणि त्याच्या आधी ‘चॉक्टॉ रिज’ (तिथला डोंगर) हे यमक येतं. नाव तेच, क्रियापद मात्र बदलतं. पहिल्या तीन कडव्यांत उडी मारली, चौथ्यात काहीतरी फेकत होते, पाचव्यात मी फुलं टाकते. पाच कडव्यांत कर्ता बिली जोकडून सरकत मुलीपर्यंत येतो. ऐकणाऱ्याला हे मोजून कळत नाही, पण शेवटी तो त्या पुलावर तिच्या शेजारी उभा असतो. या सरकण्याला मी गाण्याचा कणा म्हणेन.

काय कापलं तेही बघण्यासारखं आहे. जेन्ट्रीच्या हस्ताक्षरातलं सुरुवातीच्या खर्ड्याचं एक पान मिसिसिपी विद्यापीठाच्या संग्रहात आहे. त्याची सुरुवात सॅली जेन एलिसन नावाच्या मुलीपासून होते. छापील गाण्यात ही सॅली जेन कुठेच नाही. ती राहिली असती तर पहिल्या ओळीपासून श्रोता तिच्यामागे गेला असता आणि जेवणाचं टेबल नुसता देखावा ठरलं असतं. तिला काढलं आणि गोष्ट एका घरात, एका जेवणात मावली.

सुरांबद्दल. गाणं डी सेव्हन्थ या कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर) बसलंय, सोबतीला जी सेव्हन्थ आणि सी सेव्हन्थ. आपल्या भाषेत सांगायचं तर डी म्हणजे सा धरा. डी सेव्हन्थमध्ये सा, शुद्ध ग, प आणि कोमल नी. जी सेव्हन्थमध्ये म, ध, सा आणि कोमल ग. म्हणजे घरच्या कॉर्डमध्ये शुद्ध गंधार आणि शेजारच्या कॉर्डमध्ये कोमल गंधार, दोन्ही एकाच गाण्यात नांदतात. हे आनंदी आहे की उदास, हे कानाला शेवटपर्यंत ठरवता येत नाही. त्यात कोमल निषाद घरच्या कॉर्डलाच चिकटलेला असल्यामुळे षड्जावर येऊनही विसावा मिळत नाही. कडव्याच्या शेवटी पुलाचं नाव येतं तेव्हा सी सेव्हन्थवरून परत डीवर येणं होतं, म्हणजे कोमल निषादाच्या घरातून सा. पंचमाकडून येणारा तो ठाम, टाळी घेणारा शेवट इथे मुद्दाम टाळलाय. हे गाणं आपल्या आवाजात गाणारे हौशी गायक बहुतेक इथेच फसतात. साधा डी मेजर वाजवतात आणि शेवटी ए सेव्हन्थ (पंचमाचा कॉर्ड) घालतात. दोन सूर बदलले की गाणं चक्क शेकोटीभोवतीचं गाणं होतं.

रेकॉर्डिंग हॉलिवूडमधल्या कॅपिटॉल स्टुडिओत झालं. पाया फक्त दोन गोष्टींचा : जेन्ट्रीचा आवाज आणि तिने स्वतः वाजवलेली लहान आकाराची मार्टिन गिटार. ड्रम नाहीत. बेस गिटारही नाही. त्या ध्वनिमुद्रणावर नंतर संगीत संयोजक जिमी हॅस्केलने तंतुवाद्यं चढवली, चार व्हायोलिन आणि दोन चेलो, बस. बेस नसल्याने खालची बाजू रिकामी राहत होती, म्हणून एका चेलोवर गज न फिरवता बोटांनी तारा छेडून बेसचं काम करून घेतलं. लाकडी, कोरडा, लगेच विरणारा आवाज. इलेक्ट्रिक बेसचा लांबणारा सूर असता तर गिटारच्या मधल्या मोकळ्या जागा भरून गेल्या असत्या, आणि या गाण्यात सगळं काही त्या मोकळ्या जागांतच घडतं.

व्हायोलिनं कुठे बोलतात हे हेडफोन लावून ऐका. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर चेलो जवळजवळ गायब होतो. कुटुंब बोलत असतं तेव्हा तंतुवाद्यं मागे दबकून असतात. वाक्य संपलं की मधल्या फटीत एखादी छोटी, घसरती जागा घेतात. कोणी दुःखी आहे असं ती ओरडून सांगत नाहीत. जे मुलगी बोलत नाही ते व्हायोलिन अर्धवट बोलून गप्प होतं. अगदी शेवटी, फुलं पाण्यात पडतात तिथे मात्र ती वरून खाली गोल फिरत उतरतात, आणि तेवढ्याच जागी हॅस्केलने चित्र काढायची मोकळीक घेतली आहे. पाच कडव्यांत एकदाच, म्हणून ती लागू पडते. या संयोजनाला ग्रॅमी मिळालं ते योग्यच झालं.

आणि गळा. जेन्ट्री खालच्या पट्टीत, माइकच्या जवळून, शेजारणीला सांगावं तशी गाते. आवाज कुठेही चढवत नाही. पहिल्या कडव्यातली आई आणि पाचव्यातला बापाचा मृत्यू, दोन्ही एकाच वजनाने. शेवटच्या कडव्यात हुंदका आणला की आधीची चारही कडवी खोटी पडतात, कारण मग ती मुलगी आपल्याला परिणामासाठी गोष्ट सांगत होती असं वाटायला लागतं.

बाजाराचा हिशेब थोडक्यात. कॅपिटॉल कंपनीने मुळात जेन्ट्रीचंच ‘मिसिसिपी डेल्टा’ हे जोरकस गाणं रेकॉर्डच्या मुख्य बाजूला ठेवायचं ठरवलं होतं. तंतुवाद्यं चढल्यावर बाजू बदलली. जुलै १९६७ मध्ये रेकॉर्ड आली आणि २६ ऑगस्टच्या बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत बीटल्सचं ‘ऑल यू नीड इज लव्ह’ खाली सारून पहिल्या क्रमांकावर गेली. तिथे ती चार आठवडे राहिली. त्याच नावाच्या अल्बमने पुढे बीटल्सच्याच ‘सार्जंट पेपर’ला अव्वल जागेवरून हटवलं. जेन्ट्रीला तीन ग्रॅमी मिळाली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की कंट्रीच्या, म्हणजे अमेरिकन ग्रामीण वळणाच्या गाण्यांच्या, यादीत हे गाणं १७ व्या क्रमांकापुढे गेलं नाही. भाषा, जेवण, शेत, चर्च सगळं कंट्रीचं, पण ते डोक्यावर घेतलं पॉपच्या श्रोत्यांनी. सव्वाचार मिनिटांचं, ड्रमविरहित गाणं त्या उन्हाळ्याच्या गजबजाटात रेडिओवर लागलं की शांतताच आधी ऐकू येत असणार. लोकांनी कान दिला तो त्या शांततेला, असा माझा कयास आहे.

जागेबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. ‘लाइफ’ मासिकाने जेन्ट्रीचा फोटो छापला तो मनी नावाच्या गावाजवळच्या पुलावरचा. याच मनी गावातल्या दुकानातल्या प्रसंगानंतर १९५५ मध्ये एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला आणि त्याचा मृतदेह टॅलहॅची नदीत सापडला. गाणं त्याबद्दल काही बोलत नाही, आणि ते त्याच्याबद्दल आहे असा दावाही मी करत नाही. पण जेन्ट्री स्वतः या गाण्याला नकळत घडणाऱ्या क्रौर्याचा अभ्यास मानत होती, आणि नदीने काय पाहिलंय हे माहीत असलेल्या माणसाला बापाचं ते ‘बिस्किटं दे’ अधिक जड ऐकू येतं. तो पूल १९७२ मध्ये आग लावली गेल्यानंतर कोसळला.

आता, उत्तर दिलं की काय होतं? १९७६ मध्ये याच गाण्यावर सिनेमा आला, दिग्दर्शक मॅक्स बेअर ज्युनियर, पटकथा हर्मन रॉचर. उडी का मारली असं रॉचरने जेन्ट्रीला विचारलं तेव्हा आपल्याला माहीत नाही, असं तिने सांगितल्याचं त्याने नोंदवलंय. सिनेमाला कारण लागतंच. त्याने ते दिलं : दारूच्या नशेत एका पुरुषाशी आलेला संबंध आणि त्यातून आलेली अपराधी भावना. सिनेमा चालला, पण कारण मिळाल्यावर बिली जो हाच गोष्टीचा नायक होतो आणि टेबलाभोवतीची माणसं निर्दोष सुटतात. गाण्यात ती सुटत नाहीत. जेन्ट्रीच्या लेखी पुलावरून टाकलेली वस्तू ही त्या दोघांना जोडणारी दोरी होती, एवढंच तिचं काम.

याउलट शब्दच काढून टाकले तर? सॅक्सोफोनवादक लू डोनाल्डसनने १९६७ मध्येच हे गाणं वाद्यांवर रेकॉर्ड केलं. त्यात ड्रमवर होता लिओ मॉरिस, पुढे इद्रिस मुहम्मद म्हणून ओळखला गेलेला. त्याचा तो सुरुवातीचा ठेका नंतर हिप-हॉपवाल्यांनी कितीतरी वेळा उचलला. मुळात ड्रमच नसलेल्या गाण्यातून ड्रमचा असा ठेका निघतो याचं कारण जेन्ट्रीची गिटार. उजव्या हाताच्या आघातांत ताल पूर्ण बसलेला आहे, फक्त तो मोठ्याने मोजलेला नाही.

या वाटेवरची पुढची गाणी बघा. १९६८ चं ‘हार्पर व्हॅली पीटीए’ गावाचा दांभिकपणा उघड्यावर आणतं. जिनी सी. रायलीने ते गायलं आणि पॉप व कंट्री दोन्ही याद्यांत एकाच गाण्याने पहिली येणारी ती पहिली बाई ठरली. १९७३ चं विकी लॉरेन्सचं ‘द नाइट द लाइट्स वेंट आउट इन जॉर्जिया’ खून करतं, निर्दोषाला फाशी देतं आणि शेवटच्या कडव्यात खुनी कोण ते सांगतं. पहिल्यांदा ऐकताना काटा येतो, पण दहाव्यांदा ऐकताना आपण फक्त त्या ओळीची वाट बघत असतो. डेनिस लिंडने लिहिलेलं, डिक्सी चिक्सने गायलेलं ‘गुडबाय अर्ल’ २००० मध्ये सिंगल म्हणून आलं. त्यात बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला दोन मैत्रिणी चवळीतून विष देतात. काही रेडिओ केंद्रांनी ते लावायला नकार दिला. मला ते आवडतं, पण तिथे मरणाऱ्यासाठी कुणालाच काही वाटत नाही, म्हणून गाणं मोठ्याने, हसत, ड्रमच्या जोरावर म्हणता येतं. ‘बिली जो’त एकीला वाटतंय आणि बाकीचे जेवतायत, त्यामुळे तिथे ड्रम घालून बघणाऱ्या प्रत्येकाला पुन्हा गिटारकडेच यावं लागतं.