पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर चारचाकी कशी न्यावी

लग्नाचा बस्ता बांधायला निघालात? मग घरातून निघतानाच मनाशी ठरवा की गाडी थेट दुकानाच्या पायरीला लावायची. गाडी मोठी काढा, सात माणसं बसतील एवढी. बसणार तीनच, पण शालूच्या पिशव्यांना मान नको का?

वेळ रविवारची संध्याकाळ. दुसरी कुठलीही नको.

मंडईजवळ महापालिकेची मिनर्वा आणि आर्यन अशी दोन वाहनतळं आहेत. तिकडे ढुंकूनही पाहू नका, तिथे पैसे पडतात. तीस हजारांची पैठणी घेणाऱ्या माणसाने पार्किंगला पैसे मोजावेत, ही कल्पनाच ओंगळ आहे. मेट्रोचं मंडई स्थानक २०२४ साली सुरू झालं, तेही तुमच्यासाठी नाही. ते आमच्यासारख्यांसाठी.

रस्ता एकेरी आहे, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. त्यात मोठी सोय आहे. तुम्ही मध्येच थांबलात की मागच्याला जायला जागाच उरत नाही. चारही इंडिकेटर लावा, म्हणजे ती गाडी ‘उभी’ राहत नाही, ‘दोनच मिनिटं’ थांबते. बायको आणि सासूबाई उतरतील, तुम्ही आत बसून मोबाइल बघा. लक्ष्मी रस्त्यावरची दोन मिनिटं म्हणजे किती, हे साडीच्या दुकानात गादीवर मांडी घालून बसलेल्या कोणालाही विचारा. तो काउंटरवरचा मिशीवाला माणूस स्वतःच्याच खांद्यावर पदर टाकून दाखवतो, ‘वहिनी, हा राणी कलर बघा, तुमच्यासाठीच राखून ठेवलाय’ म्हणतो, चहा येतो, पन्नासावी घडी मोडली जाते आणि मग सासूबाईंना पहिलीच आवडते. नारायणपेठी हवी असते कोणाला तरी. (तिचा आपल्या नारायण पेठेशी काडीचा संबंध नाही, ती तेलंगणातल्या नारायणपेठ गावची. पण हे दुकानात सांगायला जाऊ नका.)

तोवर मागे बस, चार रिक्षा आणि एक रुग्णवाहिका.

हॉर्न वाजला तर आपणही वाजवा.

फुटपाथची काळजी करू नका, तो नाहीच. अर्ध्यावर दुचाक्या, उरलेल्या अर्ध्यावर दुकानाबाहेर काढून ठेवलेल्या बिनडोक्याच्या बाहुल्या, अंगात घागरा. त्यामुळे चालणारी माणसं रस्त्यावरच असतात, तुमच्या बंपरसमोर. आता ही चालणारी माणसं कोण, तर ज्यांच्या जिवावर हा रस्ता ‘लक्ष्मी रोड’ झाला ती. इथला बस्ता पायी बांधला जायचा. साडी एका दुकानात बघायची, भाव चार दुकानांत विचारायचा, सोन्याला गाडगीळांकडे नाहीतर सोन्या मारुती चौकात, बांगड्या-टिकल्या तुळशीबागेत, भांडी रविवार पेठेत. सांगलीचे गाडगीळ १९५८ साली इथे आले ते या रस्त्यावर गाड्या लावायला जागा होती म्हणून नव्हे. पेशवाईतल्या पेठा आहेत या. वाड्यांच्या खालच्या मजल्यांवर दुकानं थाटली गेली. विसर्जनाला मानाचे पाच गणपती याच रस्त्याने जातात, मिरवणूक दिवस-रात्र चालते, तेव्हा लाखो माणसं पायीच असतात ना? तेव्हा कोणी म्हणतं का, की माझी गाडी दारात नेऊ द्या? ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक एवढा पट्टा वाहनांना बंद ठेवतात. एक दिवस! माणसं रस्त्याच्या मधोमध उभी राहून इमारतींकडे वर बघतात. आपल्याच गावात पाहुण्यासारखी. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे, कारण ‘गिऱ्हाईक गाडीतूनच येतं’ असं दुकानदारांनीही ठरवून टाकलंय. गाडीतलं गिऱ्हाईक एका दुकानात शिरतं आणि निघून जातं, शेजारच्या दहा दुकानांसमोर फक्त धूर सोडतं, हे गल्ल्यावर बसून दिसत नाही का?

असो. सल्ला द्यायचा होता, सुटलोच मी.

शेवटचा सल्ला: एखादी म्हातारी काठी टेकत फुटपाथवरून खाली उतरली, तर काच खाली करा आणि म्हणा, ‘आजी, बघून चाला.’

म्हणालातच तुम्ही, गेल्या रविवारी, कुंटे चौकाच्या अलीकडे. ती माझी आई. १९७१ साली तिच्या लग्नाचा शालू याच रस्त्यावर घेतला, तेव्हापासून ती इथे चालतेय. तुमच्या आरशाने तिच्या हातातली पिशवी उडवली, ब्लाउजपीस चिखलात गेला, आणि बघून तिने चालायचं? लाज वाटत नाही? दोन पाय आहेत ना धड? लावा गाडी मंडईत आणि या चालत. दहा मिनिटं लागतात, मी मोजलीत. आणि येता येत नसेल तर येऊ नका, घरी बसून मोबाइलवर मागवा तुमच्या पैठण्या.

आम्ही त्या दिवशी शालू घेतलाच नाही. आई म्हणाली, ‘चल, घरी जाऊ.’ भाचीचं लग्न पंधरा दिवसांवर आलंय.