बोटीचे बोल्ट प्लेटिंगला घेताय? मग हे कराच

बेळगावच्या उद्यमबागेत जस्ताचा थर चढवायचा प्लेटिंगचा टँक टाकलाय आणि समुद्र फक्त गोव्याच्या सहलीत बघितलाय? मग बोटीची ऑर्डर बिनधास्त घ्या ओ, काय होत नाही.

ड्रॉइंगवर थराची जाडी २५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग तो एक मायक्रॉन) लिहिलंय? त्याला २५ टक्के वाचा.

१२.९ ग्रेडचे, म्हणजे एकदम कडक पोलादाचे बोल्ट ॲसिडातून, टँकमधून काढल्यावर १९०-२२० डिग्रीला तासन्‌तास भट्टीत ठेवा म्हणतात. कशाला? आत शिरून बोल्ट ठिसूळ करणारा हायड्रोजन डोळ्याला दिसतो काय? पिळून ठेवलेला बोल्ट दुसऱ्या दिवशी टक् करून मोडला की सांगायचं, मटेरियलच खराब.

सॉल्ट स्प्रेचा, म्हणजे मिठाच्या फवाऱ्यात गंज तपासल्याचा रिपोर्ट मागच्या गिऱ्हाईकाचाच द्या, तारीख बदलून.

आणि मुख्य म्हणजे चकाकी. माझे एम-१६ चे (१६ मिलिमीटर जाडीचे) ४० बोल्ट तुमच्याकडून असे पिवळेधमक होऊन आले की नवरदेवाला हळद लागावी, मी खूश होऊन चोर्ला घाटातून स्वतः नेऊन दिले वेंगुर्ल्याला ट्रॉलरच्या विंचसाठी (जाळं ओढायच्या यंत्रासाठी), आणि एक पावसाळा सरायच्या आत त्यांचा फोन, "बोल्ट धाडलस की हळकुंडा रे?" आधी पांढरी भुकटी, मग लाल गंज, शेवटी ग्राइंडर घेऊन मीच परत गेलो कापायला. अहो जस्त स्वतः मरून लोखंड वाचवतं, म्हणजे जेवढा थर तेवढंच आयुष्य, खाऱ्या हवेत वर्षाला पाच-सात मायक्रॉन सहज जातात. शिल्लक बोल्टांवर थर मोजायचा गेज लावला तर डोक्यावर ६ मायक्रॉन! जिथं करंट जास्त पोचतो तिथं ६, मग आट्यांच्या खोबणीत काय असेल देव जाणे. आणि २५ चा थर बसला तरी नट जावा म्हणून मी आट्यांची जाडी मुद्दाम जरा कमी ठेवून दिली होती की ओ! आता जस्तही नाही आणि नट खुळखुळतोय.

बिलात मात्र २५ चे पैसे.

त्यापेक्षा "आम्हाला जमत नाही, हॉट डिप करून घ्या, वितळलेल्या जस्तात बुडवून" म्हणाला असता तर काय जीभ झडली असती? झिंक-निकेलचा मिश्र थर जमत नसेल तर नाही म्हणा. त्या विंचवर भरलेल्या जाळ्याचं ओझं येतंय, शेजारी पोरं उभी असतात, बोल्ट सुटला तर दोर कुणाला लागेल ह्याचा विचार केला काय कधी? लाज वाटू द्या जरा.

राहिलेले ११ बोल्ट सोमवारी तुमच्या काउंटरवर आणतोय. गेज माझा, मोजायचं तुम्ही.