दाजींना नवं घड्याळ विकायला निघालेला फॉरवर्ड

सकाळी सातलाच ताईचा फोन. "दाजी पंचावन्न हजारांचं घड्याळ मागवतायत, तूच बोल बाबा त्यांच्याशी." मागोमाग दाजींनी तो मेसेजही पाठवला. धावण्याच्या तीन ग्रुपवर तो मला आधीच येऊन गेला होता, वर "जनहितार्थ" लिहून. म्हणणं असं: तीन वर्षांत घड्याळातला जीपीएस झिजतो, मग अंतर चुकतं, ड्युअल बँडवालं (उपग्रहाचे दोन वेगळे सिग्नल पकडणारं) नवं घड्याळ मीटरभरही चुकत नाही, आणि नवी घड्याळं हार्ट अटॅकची आगाऊ सूचना देतात, म्हणून चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने घड्याळ बदलावंच.

शेवटचा मुद्दा आधी घेतो. दाजी चोपन्न वर्षांचे. गेले दोन आठवडे साताऱ्याजवळच्या यवतेश्वरचा घाट चढताना त्यांच्या छातीत आवळल्यासारखं होतं, थांबलं की जातं. ताईला यातलं काही माहीत नव्हतं. मला सांगितलं तेही नव्या घड्याळाच्या कौतुकात: "ते आलं की कळेलच ना." माझं डोकंच फिरलं.

मनगटावरचं घड्याळ हिरवा प्रकाश टाकून नाडी मोजतं. काही महागड्या घड्याळांत ईसीजी असतो, तोही एकाच लीडचा, म्हणजे हृदयाकडे एकाच बाजूने बघणारा. ठोके अनियमित पडत असतील तर त्यावर कळू शकतं आणि त्याचा काहींना खरंच उपयोग झालाय, एवढं कबूल. पण हार्ट अटॅक म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबणं. ते या घड्याळाला दिसत नाही. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. अ‍ॅपलच्या ईसीजी अ‍ॅपमध्येच लिहिलंय की हे घड्याळ हार्ट अटॅक तपासत नाही, कधीच नाही. विकणारा स्वतः नाही म्हणतोय आणि फॉरवर्डवाले हो म्हणतायत!

आता अंतर. "मुंबईच्या हाफ मॅरेथॉनला २१.१ किलोमीटरऐवजी माझ्या घड्याळात २१.४ आलं, म्हणजे घड्याळ बिघडलंच," असं दाजींचं म्हणणं. शर्यतीचे प्रमाणित मार्ग सायकलने मोजतात. पुढच्या चाकाला जोन्स काउंटर, म्हणजे चाकाचे फेरे मोजणारं यंत्र, लावलेला असतो आणि ती सायकल आधी पोलादी टेपने मोजलेल्या सरळ पट्ट्यावर चालवून तपासून घेतात. मोजणारा वळणावर कडेपासून ३० सेंटीमीटरवरून, सगळ्यात जवळच्या रेषेने जातो. वर मार्ग कमी भरू नये म्हणून हजारी एक मीटर जास्त धरतात, म्हणजे हाफला २१ मीटर आणि पूर्ण मॅरेथॉनला ४२. दाजी त्या रेषेने धावले का? ते डावीकडून पाण्याच्या टेबलाकडे, तिथून उजवीकडे फोटोवाल्याकडे, गर्दीतून नागमोडी गेले. काही मीटर तिथे वाढले, काही उंच इमारतींवरून परतणाऱ्या सिग्नलने वाढवले.

आणि हेच घड्याळ यवतेश्वरला अंतर कमी दाखवतं! झिजलेला जीपीएस एकीकडे वाढवतो आणि दुसरीकडे घटवतो काय? घाटात डोंगर अर्धं आकाश झाकतो. त्यात दाजींनी बॅटरी वाचवायला जागेच्या नोंदी विरळ ठेवल्यात, म्हणून वळणं कापली जातात. सेटिंगमध्ये दर सेकंदाची नोंद निवडली की बराच फरक पडतो, फुकटात.

ड्युअल बँड बरा असतो, नाही म्हणत नाही. ११७६.४५ मेगाहर्ट्झचा दुसरा सिग्नल मिळाला की इमारतींवरून उसळून आलेला सिग्नल ओळखणं सोपं जातं. पण "मीटरभरही नाही" ही थाप आहे, आणि तो बॅटरीही जास्त खातो.

घड्याळ व्हीओटू मॅक्सही दाखवतं, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते; पण तो आकडा म्हणजे वेग आणि ठोक्यांवरून काढलेला अंदाज. त्यासाठी कुणी घड्याळ बदलू नये.

बॅटरी मात्र खरंच म्हातारी होते. अल्ट्रा (मॅरेथॉनहूनही लांब शर्यत) धावणाऱ्याचं घड्याळ निम्म्या वाटेत मान टाकत असेल तर त्याने खुशाल बदलावं. दाजींचं अजून पाच तास चालतं.

मग "उपग्रह सापडायला दहा मिनिटं लागतात" ही दाजींची तक्रार, ते का? दिवाळीत त्यांनी फोन बदलला आणि घड्याळ जोडायचं राहिलं. वेळा ते वहीत लिहितात, त्यामुळे अडलंही नाही. उपग्रह कुठे असतील याची आगाऊ माहिती घड्याळाला फोनमधून मिळते आणि ती थोड्याच दिवसांत शिळी होते. दुपारी साताऱ्याला जाऊन मीच ते जोडलं. अंगणात मिनिटभरात उपग्रह सापडले. दाजी घड्याळाकडे बघत राहिले, मग म्हणाले, "मग ऑर्डर रद्द करू?"

ताईने उद्या सकाळची हृदयरोगतज्ज्ञांची वेळ घेतलीये. तोवर घाट बंद, आणि त्यांचे बूट तिने कपाटात कुलूपबंद केलेत.