‘जास्त तापवली की टिप जास्त कडक’? नाही हो!

रबाळे-महापेच्या वर्कशॉपवाल्यांच्या ग्रुपवर लेथवर धातू कापणाऱ्या टंगस्टन कार्बाइडच्या टिपेबद्दल सध्या एक मेसेज फिरतोय: “कार्बाइड वितळवून साच्यात ओततात. भट्टी जितकी गरम आणि माल जितका जास्त वेळ आत, तितकी टिप कडक. टिप उडाली तर समजा, कच्ची राहिली.”

ओतण्याचं आधी उरकू. टंगस्टन कार्बाइड वितळायला 2,700 अंशांच्या वर जावं लागतं. सिंटरिंग, म्हणजे कार्बाइड आणि कोबाल्टची भुकटी दाबून भाजणं, चालतं साधारण 1,350 ते 1,450 अंशांवर. तिथे वितळतो तो कोबाल्ट, तोही थोडं कार्बाइड पोटात घेऊन. हा रस कणांच्या फटींत शिरतो, त्यांना जवळ ओढतो आणि दाबून केलेला तुकडा लांबीत 17 ते 20 टक्के आटतो. ओतकामात एवढं आटताना कोणी पाहिलंय?

आता उष्णतेचं. कणांमधली भोकं बुजेपर्यंत तापमान वाढवलं की कडकपणा वाढतो, हे खरं. मेसेजवाल्याने बहुधा तेवढंच पाहिलं. पण भोकं बुजल्यावरही तापवत राहिलात, तर बारीक कण कोबाल्टमध्ये विरघळतात आणि मोठ्या कणांवर जाऊन बसतात. कण फुगले की कडकपणा उतरतो. शिवाय एखादा कण भलताच वाढला, तर तडा तिथूनच सुरू होतो. बारीक कणांच्या ग्रेडमध्ये चिमूटभर व्हॅनेडियम किंवा क्रोमियम कार्बाइड घालतात ते ही वाढ रोखायलाच. जास्त वेळ ठेवण्याचा परिणामही हाच.

टिप कच्ची राहून उडू शकते, नाही असं नाही. पण कार्बनचा हिशेब चुकला तरी ती उडते. टंगस्टन कार्बाइडमध्ये वजनाने 6.13 टक्के कार्बन लागतो. मिश्रणात तो कमी पडला तर ‘इटा फेज’ नावाचा ठिसूळ भाग तयार होतो, जास्त झाला तर ग्रॅफाइट मोकळं राहतं. भट्टी आणखी तापवून यातलं काहीच सुधारत नाही. आणि कधी कधी टिप अगदी नीट भाजलेली असते, कामच तिचं नसतं! आमच्याकडे खाचांच्या शाफ्टवर, जिथे प्रत्येक खाचेला टिपेला धक्का बसतो, 6 टक्के कोबाल्टची टिप सारखी उडायची. 10 टक्क्यांची लावली, टिकली. ती आधीच्यापेक्षा मऊ होती.

गंमत म्हणजे मेसेजसोबतचा फोटो पंपाच्या सिलिकॉन कार्बाइड सील रिंगचा आहे. त्यात कोबाल्ट नसतोच; बऱ्याचदा थोडं बोरॉन आणि कार्बन मिसळून ती 2,000 अंशांच्या वर भाजतात, तेही काही न वितळवता.