खुलासा : हर्मिट क्रॅबला नुसत्या गोळ्या पुरत नाहीत

हर्मिट क्रॅब म्हणजे रिकाम्या शंखात राहणारा खेकडा. तो टाकीत पाळणाऱ्यांमध्ये ‘खाद्याच्या तयार गोळ्या टाकल्या की झालं’ हा सल्ला सध्या फिरतोय. हा सल्ला अर्धवट आहे. जमिनीवरचा हर्मिट क्रॅब सर्वभक्षी असतो. पडलेली फळं, कुजकी पानं, मेलेले किडे, सगळं खातो. म्हणून बिनमिठाची सुकी कोळंबी, गाजर, पालेभाजी आलटून पालटून द्या. एकाला वाटाण्याएवढा घास पुरे. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढा, नाहीतर दमट टाकीत बुरशी धरते.

कॅल्शियमसाठी अंड्याचं कवच उकळून, वाळवून, कुटून ठेवा. कात टाकल्यावर खेकडा स्वतःची जुनी कात कुरतडून खातो. घाण समजून ती उचलू नका!

पाण्याच्या वाट्या दोन: एक क्लोरीन काढलेल्या गोड्या पाण्याची, दुसरी खाऱ्या. तिथे स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, मत्स्यालयाचं सागरी मीठच हवं.