‘ताई, पान्हा दुकानात राहू द्या’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

रोड बाइकचा गिअर शिफ्टर (हँडलवरची गिअर बदलायची लिव्हर) सटकायला लागला तर घरी काय करता येतं, यावरच्या माझ्या लेखाखाली काल रात्री एक लांबलचक प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सारांश देते. लिव्हरमध्ये डब्ल्यूडी-४० हा फवारा मारायला सांगणं चूक आहे, कारण ते वंगण नाही आणि त्याने आतलं ग्रीस धुऊन निघतं. गिअर सटकला की आधी साखळी आणि हँगर (मागचा डिरेलर, म्हणजे साखळी सरकवणारा भाग, जिथे फ्रेमला अडकतो तो कान) बघायचा असतो. मी टाकलेला फोटो डाव्या लिव्हरचा आहे आणि मजकूर उजव्या लिव्हरबद्दल आहे. शेवटचं वाक्य जसंच्या तसं देते : ‘ताई, तुम्ही सायकल चालवा, पान्हा दुकानात राहू द्या.’

फोटोचं बरोबर आहे. तो डाव्या लिव्हरचा होता, आज सकाळी बदलला. लक्षात आणून दिल्याबद्दल आपले आभार.

आता त्या शेवटच्या वाक्याबद्दल. आपण नाव दिलेलं नाही, कुठली सायकल चालवता हेही सांगितलेलं नाही, पण मी काय चालवावं आणि हातात काय धरू नये हे मात्र ठरवून मोकळे झालात. मुद्दा खोडायचा असेल तर मुद्दा खोडा. बाईने पान्हा धरावा की नाही, हा प्रश्न माझ्या लेखात कुठेच नव्हता. तो आपण आणलात, आणि आणलातच आहे तर त्याचं उत्तर पूर्ण ऐकून घ्या.

माझे वडील खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत होते. शुक्रवार पेठेतून रोज सायकलने जायचे आणि सायकल कधी दुकानात द्यायचे नाहीत. रविवारी अंगणात गोणपाट अंथरून मागच्या चाकाचं फ्रीव्हील उघडलं जायचं. छर्रे रॉकेलच्या वाटीत पडायचे, ते मोजून फडक्यावर मांडायचं काम माझं. छर्र्यांनंतर निघायचे कुत्रे, करंगळीच्या नखाएवढे लोखंडी तुकडे, आणि त्यांच्याखालची केसासारखी बारीक तार. बाबा मला नखाने कुत्रं दाबून सोडायला लावायचे. टक्कन वर आलं तर ठीक. आळसावल्यासारखं हळूहळू उठलं तर परत रॉकेलमध्ये. जुनं ग्रीस आणि रस्त्याची धूळ मिळून चिकट लगदा झाला की त्या तारेत कुत्र्याला उचलायची ताकद उरत नाही, हे मला शाळेत असताना कळलं होतं, आणि ते मी हाताने शिकले.

रोड बाइकच्या शिफ्टरमध्ये वेगळं काय असतं? शिमानोने १९९० साली ब्रेक आणि गिअर एकाच लिव्हरमध्ये आणले, तेव्हापासून त्या लिव्हरच्या पोटात दातेरी चकती आहे आणि तिला अडवणारे तसेच कुत्रे आहेत. मोठी, म्हणजे ब्रेकचीच, लिव्हर आत ढकलली की कुत्रं चकतीला एक दात पुढे नेतं, केबल ओढली जाते आणि साखळी मागच्या चाकावरच्या मोठ्या चकतीवर चढते. मागची छोटी लिव्हर दाबली की पकड सुटते, केबल सैल होते आणि साखळी लहान चकतीवर उतरते. आतलं ग्रीस वर्षानुवर्षांनी घट्ट झालं की कुत्रं दातात बसतच नाही. लिव्हर हवेत फिरते, खटका लागत नाही, किंवा लागतो आणि सुटतो. डिसेंबरात पहाटे खडकवासल्याला निघालं की पहिले काही किलोमीटर गिअर धरत नाही आणि उन्हं वर आली की धरायला लागतो, हा अनुभव पुण्यातल्या कितीतरी जणांना आहे. थंडीत ग्रीस आणखी घट्ट होतं, याशिवाय त्यात काही गूढ नाही.

दुकानाचंही सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्या सायकलची उजवी लिव्हर अशीच हवेत फिरायला लागली होती. शहरातल्या एका दुकानात नेली. तिथल्या माणसाने लिव्हर दोनदा हलवून बघितली आणि ‘शिफ्टर गेला, अख्खा बदलावा लागेल’ असं सांगितलं. सांगितलंही माझ्या नवऱ्याला, जो रोड बाइक चालवत नाही आणि फक्त सोबत आला होता. सायकल माझी, पैसे माझे, प्रश्न मी विचारत होते, आणि उत्तरं त्याच्याकडे बघून दिली जात होती. तुमचं वाक्य मला का झोंबलं हे आता तरी कळावं. ती लिव्हर मी घरी आणून धुतली. आजही तीच लिव्हर, त्याच सायकलवर आहे.

कान सोनारानेच टोचावेत, हे मला मान्य आहे. पुण्यात फार चांगले सायकल मेकॅनिक आहेत आणि वाकलेला हँगर मी स्वतः त्यांच्याकडेच सरळ करून घेते, कारण तो मोजायचा गेज माझ्याकडे नाही. पण बोपदेव घाटात मध्येच केबल तुटली तर सोनार कुठून आणायचा? २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, साडेतेरा तासांत संपवायची असते आणि बाहेरची मदत फक्त कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या नोंदीच्या थांब्यांवर, घेता येते. मधल्या रस्त्यावर तुम्ही आणि तुमची सायकल, बस. केबल तुटते ती बहुतेक वेळा लिव्हरच्या आत, टोकाच्या बोंडाजवळ, जिथे ती दर खटक्याला वाकते तिथे. मागचा डिरेलर सरळ सगळ्यात लहान चकतीवर जाऊन बसतो. अकरा दातांवर बोपदेव चढून दाखवा. पण डिरेलरवरचा ‘एच’ खुणेचा स्क्रू आत पिळत नेला तर साखळी एक-दोन चकत्या वर येऊन थांबते आणि घरापर्यंत पोचता येतं. हे मला माहीत आहे कारण मी पान्हा दुकानात ठेवलेला नाही.

राहिलं डब्ल्यूडी-४०. ते वंगण नाही, हे तुम्ही मला शिकवताय? पाणी हटवायला आणि गंज रोखायला १९५३ साली सॅन दिएगोत तयार झालेला तो फवारा आहे, क्षेपणास्त्राच्या पत्र्यावर वापरला गेलेला. वंगण म्हणून वापरा असं मी लिहिलेलंच नाही. मी त्याच्याकडून बाबांच्या वाटीतल्या रॉकेलचं काम करून घेते. ग्रीस धुऊन निघतं अशी तुमची तक्रार आहे. अहो, तेच तर काढायचं आहे! घट्ट झालेलं ग्रीस आत ठेवून लिव्हर दुरुस्त कशी होणार?

मूळ लेखात सगळी कृती क्रमाने आहे. पुढचं चाक आधी काढून ठेवायचं, म्हणजे रिमवर फवारा उडत नाही. ब्रेकपॅडवर फडकं बांधायचं, आणि डिस्क असेल तर कॅलिपर प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळायचं, कारण डिस्कच्या पॅडवर तेल गेलं तर ते पॅड फेकूनच द्यावे लागतात. लिव्हरवरच्या हुडचं रबर मागे सारायचं, ब्रेक दाबून धरायचा (हायड्रॉलिक डिस्क असेल तर आधी पॅडच्या मधे प्लास्टिकचा ठोकळा घालून) आणि उघड्या फटीतून बारीक नळीने आत मारायचं. मोठी आणि छोटी, दोन्ही लिव्हर सतत चालवत राहायचं. सुरुवातीला काहीच होत नाही, मग तपकिरी, मधासारखं घट्ट पाणी गळायला लागतं. ते स्वच्छ येईपर्यंत थांबायचं नाही. मग पूर्ण सुकू द्यायचं आणि त्यानंतर पातळ तेलाचे थेंब सोडायचे. हे शेवटचं वाक्य लेखात ठळक अक्षरात आहे. ते तुमच्या नजरेतून सुटलं आणि फोटो डाव्या लिव्हरचा आहे हे मात्र दिसलं, याचं मला खरंच वाईट वाटलं.

साखळी आणि हँगरबद्दल फार लिहीत बसत नाही. झिजलेली साखळी जोर लावल्यावर दातांवरून उडते, पण लिव्हरचा खटका नीट लागत असतो. हँगर वाकला असेल तर काही गिअरमध्ये त्रास होतो आणि काहींत नाही. माझा लेख लिव्हर सटकण्यावर होता, सायकलच्या सगळ्या दुखण्यांवर नव्हता.

आणि कुठलं दुखणं कुठलं हे ओळखायची रीत मी फवाऱ्याच्या आधी दिली होती. मागच्या डिरेलरवरचा बोल्ट सैल करून केबल सोडवायची. तिचं मोकळं टोक पकडीत धरून हलका ताण द्यायचा आणि दुसऱ्या हाताने लिव्हर चालवायची. आता साखळी नाही, हँगर नाही, मागच्या चकत्यांची कॅसेट नाही. तरीही खटका धरत नसेल तर दोष लिव्हरमध्येच आहे. धरत असेल तर फवाऱ्याला हात लावायचा नाही, केबल आणि तिच्यावरची नळी, म्हणजे आउटर, बघायची. याला पाच मिनिटं आणि एक ॲलन की लागते. हे न करता नुसतं ‘आधी हँगर बघा’ म्हणणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं झालं.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. यापुढे मात्र मला काय जमतं आणि काय जमत नाही यावरची वाक्यं इथे ठेवली जाणार नाहीत, मग ती कोणाचीही असोत. सायकलवर लिहायचं असेल तर जरूर लिहा. तुमचा शिफ्टर किती गिअरचा आहे, नऊचा, दहाचा की अकराचा, आणि केबल सोडवल्यावर तो खटका धरतो की नाही, एवढं कळवा. पुढचं त्यानंतर बोलू.